आपत्ती व्यवस्थापन आणि बहुभाषिक समाज (जामनेर व खान्देश)

आपत्तीची पूर्वसूचना, सुटका आणि मदत यांच्या आखणीत वेगवेगळ्या भाषा व चालीरीतींच्या लोकांना सुरुवातीपासून सामील करून घेण्याची पद्धत. जळगाव जिल्ह्यातील जामनेर हे गाव कांग नदीकाठी आहे. या परिसरात मराठी व अहिराणीसोबत लेवा बोली, बंजारा तांड्यांवरची गोरमाटी आणि उर्दू बोलली जाते. इथे भाषेचा प्रश्न सौजन्याचा नसून वेळेचा आहे. 31 ऑगस्ट 2021 रोजी याच जिल्ह्यातल्या चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराने हाहाकार उडवला. अजिंठा-सातमाळा डोंगरांतून उतरणाऱ्या अशा नद्या काही तासांतच चढतात. तेवढ्या वेळात ‘विसर्ग’, ‘क्युसेक’ यांचा अर्थ लावत बसणे परवडत नाही. कोणता फरशी पूल पाण्याखाली जाणार आणि गुरे कुठे हलवायची, एवढेच घराला कळायला हवे. ‘नदीले पूर उना’ (नदीला पूर आला) हे ओळखीच्या माणसाने अहिराणीत सांगितले की पाय लगेच उचलले जातात.

मराठी सगळ्यांना कळते आणि संदेश मोबाइलवर जातातच, हा आक्षेप बराचसा खरा आहे. पण सातपुड्यातून येऊन तापीकाठच्या केळीच्या मळ्यांत राहणारा पावरा आदिवासी सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतमजूर) गावाच्या ग्रुपमध्ये सहसा नसतो, आणि गावातली दवंडी शिवारापर्यंत पोचत नाही. भाषांतरात वेळ जातो, अर्थही बदलतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय पावसाळ्यापूर्वीचा: आठ-दहा ठरलेली वाक्ये प्रत्येक बोलीत त्याच समाजाच्या माणसांकडून तयार करून घ्यायची आणि ती कोण सांगणार हेही तेव्हाच ठरवायचे. पोलीस पाटील, कोतवाल, तांड्याचा नायक, मशिदीचा भोंगा ही साधने हाताशी आहेतच.

समाजानुसार वेगळी व्यवस्था म्हणजे भेदभाव, असेही म्हटले जाते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 61 नुसार मदत देताना जात, समुदाय, धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. मात्र सर्वांपर्यंत सारखी मदत पोचवायची तर वाटा वेगळ्या कराव्या लागतात. याच कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणात लोकप्रतिनिधी सहअध्यक्ष असतो, बाकी सदस्य अधिकारी असतात; तांडा किंवा वस्तीसाठी राखीव जागा नाही. ही उणीव पंचनाम्यात उघडी पडते. पिकाची नोंद सातबाऱ्यावरच्या नावाने होते; सालदाराच्या झोपडीतले भिजलेले धान्य आणि वाहून गेलेली भांडी मात्र कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय कागदावर येत नाहीत.