व्हॅलेटाच्या तटाखाली मुंबईच्या पलटणी

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर सुटी घालवायला गेलेल्या प्रवाशाला काही स्थळे हमखास दाखवली जातात. व्हॅलेटाची पिवळसर दगडी तटबंदी, बंदरावरचा अप्पर बराक्का बाग, सेंट जॉनच्या चर्चमधले काराव्हाज्जोचे १६०८ सालचे भव्य चित्र. तटबंदी पाहताना मराठी वाचकाने मात्र १५६५ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी जानेवारीत तालिकोटच्या रणात विजयनगरचा पराभव झाला आणि मे महिन्यात ऑटोमन सैन्याने माल्टाला वेढा घातला. तो सप्टेंबरात उठला. पुढच्याच वर्षी सेंट जॉनच्या सरदारांनी व्हॅलेटाचा पाया घातला.

या तटाखाली १८७८ च्या मे महिन्यात मुंबईहून निघालेली जहाजे येऊन लागली. रशियाने तुर्कस्तानचा पराभव केला होता. रशियाला धाक बसावा म्हणून ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजारांची फौज माल्टात आणवली. बंगाल आणि मद्रासच्या पलटणींबरोबर तीत मुंबई लष्कराच्या ९ व्या व २६ व्या नेटिव्ह इन्फंट्री होत्या. या लष्कराच्या पायदळात कोकण आणि देशावरची भरती मोठी असे. मराठा, महार, मुसलमान, बेने इस्रायल अशा अनेक समाजांची माणसे त्यात असत. मागे दख्खन १८७६ पासूनच्या भीषण दुष्काळातून जेमतेम सावरत होते. पुढे होती युरोपातल्या दोन साम्राज्यांची शह-काटशह.

लंडनमध्ये वाद पेटला, पण तो या शिपायांविषयी नव्हता. पार्लमेंटला न विचारता हिंदी फौज युरोपात आणणे १६८९ च्या हक्कांच्या कायद्याला धरून आहे काय, एवढाच प्रश्न होता. सचित्र साप्ताहिकांनी छावणीची चित्रे छापली. माल्टाची स्थळे पाहायला आलेल्या युरोपीय प्रवाशांच्या दृष्टीने हिंदी शिपाई हेच त्या मोसमाचे नवे प्रेक्षणीय स्थळ ठरले!

युद्ध झालेच नाही. बर्लिनची परिषद भरली, सायप्रस इंग्रजांच्या ताब्यात आले आणि जुलैत यातल्या काही तुकड्या लार्नाकाच्या किनाऱ्यावर उतरवल्या गेल्या. तिथल्या उन्हाने आणि तापाने सैन्य बेजार झाले. त्याच वर्षी फौज मायदेशी परतली.

या मोहिमेच्या आठच वर्षे आधी त्याच समुद्राच्या वाटेवर दुसरा एक मराठी प्रवासी होता. इचलकरंजी ज्या राज्याची मांडलिक जहागीर होती, त्या कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोप पाहायला गेले. परतताना ३० नोव्हेंबरला इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. त्यांची इंग्रजी दैनंदिनी १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये दहनस्थळी छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. राजाने काय पाहिले, कुठे मुक्काम केला, कोणाची भेट घेतली, हे आजही तारीखवार वाचता येते. शिपायाची नोंद असते ती पलटणीच्या हजेरीपटात, आणि हजेरीपटाला नजर नसते.

फ्लॉरेन्समध्ये त्या संगमाजवळ विसाव्या शतकात मोठा पूल बांधला गेला. त्याचे नाव ‘पोन्ते आल्लिन्दियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल. कोल्हापूरचे नाव त्यातही नाही.