फास्टर फेणे मोठा झाला, मग दहा वर्षांच्या पोरांचं काय?

माझा पीएचडीचा विषय सांगितला की घरी हमखास प्रश्न येतो: "म्हणजे तू गोष्टीची पुस्तकं वाचतेस?" हो, तेच. मराठी बालसाहित्यातले नायक आणि त्यांचं पुढे काय होतं. परवा चंद्रपूरला भाच्याला फास्टर फेणेचं पुस्तक दिलं, तर तो म्हणाला, "मावशी, हा तर पिक्चरमधला ना? तो मोठा आहे." तिथून ही पोस्ट सुरू झाली.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. सायकल, भन्नाट वेग आणि तोंडात 'टॉक्'. १९८०च्या दशकात तो दूरदर्शनवर आला, सुमीत राघवनच्या रूपात. २०१७ च्या चित्रपटात मात्र अमेय वाघचा बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूमागचा घोटाळा शोधतो. वाचक मोठे झाले, म्हणून नायकही मोठा झाला आणि त्याचं जग काळवंडलं.

यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, बालपण नासवलं. दुसरा म्हणतो, आता कुठे गोष्ट खरी झाली. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघंही धरून चालतात की मूळ गोष्ट निव्वळ गोडगोड होती. तसं नाही. भागवतांच्या कथांत चोर-बदमाश आहेत, १९६२ च्या चीन युद्धाची पार्श्वभूमीसुद्धा आहे.

बॅटमॅनचंही तेच. १९३९ मधला पहिला बॅटमॅन चांगलाच काळोखा होता. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, १९६६ ची टीव्ही मालिका तर थट्टेवारी होती. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने त्याला पुन्हा अंधारात नेलं. आपल्याकडेही १९५६ मध्ये मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला. म्हणजे 'मुलांचं ते उजळ, मोठ्यांचं ते गडद' ही वाटणी काही निसर्गाने केलेली नाही. ती माणसांनी, एका विशिष्ट काळात केली.

आमच्या भागात तर ती वाटणी कधी नीट झालीच नाही. बाबूराव शेडमाके हे गडचिरोलीतल्या मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. इंग्रजांविरुद्ध उठले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या पंचविशीत, चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांची गोष्ट इथं लहान पोरांनाही सांगतात, आणि फाशी वगळून ती सांगताच येत नाही. त्या पिंपळाबद्दल ऐकून कुणाचं बालपण नासलं नाही. उलट नायक मेला तरी गोष्ट संपत नाही, हे पोरांना लवकर कळलं.

म्हणून माझा आक्षेप अंधाराला नाही. आक्षेप आहे तो नायक कुणाच्या हाती जातो याला. बाबूरावांच्या गोष्टीत आजी आणि नातू एकाच ओट्यावर बसतात. फ्रँचायझीत तसं होत नाही. तिकीट काढणारा पस्तिशीचा चाहता असतो, म्हणून गोष्ट त्याच्या आठवणींसाठी लिहिली जाते आणि दहा वर्षांचं पोरगं दाराबाहेर राहतं.

मोठ्यांसाठी गडद बनेश खुशाल करा, मी तिकीट काढीन. पण त्याच्या शेजारी सायकलवरचा बनेशही राहू द्या.

भाच्याने पुस्तक ठेवून घेतलंय. काल फोन आला, "मावशी, याचा पुढचा भाग आहे का?"