शब्दवेध : उचल्या

‘भटकणे’वरून भटक्या, तसा ‘उचलणे’वरून उचल्या, म्हणजे उचलेगिरी करणारा, भुरटा चोर. मूळ क्रियापद निरुपद्रवी आहे. आपण मूलही उचलतो, पालखीही उचलतो. ‘या’ हा प्रत्यय मात्र कृतीला स्वभाव बनवतो. एखादा माणूस एकदा चोरी करतो, तेव्हा तो चोर ठरतो. इथे अख्खी जमात जन्मतःच उचल्या ठरली. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच समजुतीला सरकारी शिक्का दिला. १९५२मध्ये तो रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण गावाच्या तोंडातली शिवी सुटली नाही.

१९८७मध्ये लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जो शब्द पोलीस ठाण्यात खाली मान घालून ऐकावा लागे, तो मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाशेजारी आला. त्यामागची भूक, मारझोड आणि शाळेची बंद दारं वाचकाला पाहावी लागली. आरोपीच साक्षीदार झाला.

शिवी अशी परत घ्यावी का? मला वाटतं, घ्यावी. पण तो निर्णय घाव सोसणाऱ्यांचाच. त्याच जमातीतल्या कुणाला हा शब्द आजही नकोसा वाटला, तर त्याचाही मान राखायला हवा. आणि बाकीच्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं : पुस्तकाचं नाव उच्चारण्याचा हक्क आपल्याला आहे, त्या नावाने माणसाला हाक मारण्याचा नाही.