दप्तर कोणाचे?

मराठीत 'दप्तर' हा शब्द मोठा मौजेचा आहे. मुलाच्या खांद्याला असते तेही दप्तर आणि शाळेच्या कपाटात कडीकुलपात असते तेही दप्तरच. पहिल्यात मुलाची पाटी-पुस्तके असतात. दुसऱ्यात खुद्द मूलच असते. त्याची जन्मतारीख, जात, हजेरी, गुण आणि आम्हा मास्तरांचे शेरे. पहिले दप्तर मुलाचे, यात कोणाला शंका नाही. दुसरे कोणाचे, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.

मला तो प्रश्न एका विद्यार्थ्यामुळे पडला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याच्या नावापुढे मी वहीत लिहिले होते, 'उनाड. संगत वाईट.' त्या दिवशी त्याने काय केले होते, ते आज मला आठवतही नाही. पुढे काही वर्षांनी तोच मुलगा कॉलेजात नाव घालायचे म्हणून दाखला न्यायला आला. मी वही उघडली. माझ्याच अक्षरातली ती ओळ दिसली आणि नकळत तिच्यावर माझा हात गेला. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असे लिहून मी त्याला वाटेला लावले. तो पाया पडून गेला. दोहोंपैकी खरे कोणते, हे तो मला विचारू शकत नव्हता. कारण पहिले त्याला ठाऊकच नव्हते.

हाच प्रश्न अमेरिकेत चव्हाट्यावर आला तो व्हिएतनामच्या युद्धाच्या दिवसांत. सैन्यभरतीची मंडळे विद्यार्थ्यांचे वर्गातले क्रमांक विचारात घेत. क्रमांक घसरला की पोरगा पलटणीत जाण्याचा संभव. कॉलेजांनी असे क्रमांक कळवू नयेत म्हणून १९६६ च्या मे महिन्यात शिकागो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कचेरीच्या इमारतीत ठाण मांडले. त्याच वर्षी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका चौकशी समितीने युद्धविरोधी विद्यार्थी-संघटनांतील नावे मागितली आणि मिशिगन विद्यापीठाने ती देऊन टाकली. एका कामासाठी लिहून ठेवलेली गोष्ट भलत्याच कामी कशी येते, हे तेव्हा लख्ख दिसले.

खालच्या शाळांतही तीच तऱ्हा होती. मुलाच्या फायलीत बुद्धिमापनाचे आकडे, मानसशास्त्रज्ञांची टिपणे आणि शिक्षकांची बरीवाईट मते साठत. ती पोलिसांना वा सरकारी अधिकाऱ्यांना पाहायला मिळत. आईबापांना मात्र पुष्कळ ठिकाणी मज्जाव असे. १९७० साली रसेल सेज फाउंडेशन या संस्थेने या नोंदी कशा ठेवाव्यात याचे काही नियम सुचविले. पण सुचविलेले नियम पाळायचे की नाहीत, हे कपाटाची किल्ली ज्याच्याकडे त्याच्याच मर्जीवर राहिले.

कायदा झाला तो १९७४ साली. वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांनी ९ ऑगस्टला राजीनामा दिला होता. सरकारी गुप्ततेला लोक विटले होते. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी शिक्षणविषयक एका मोठ्या विधेयकाला भर सभागृहात एक दुरुस्ती जोडली. तिच्यावर कोणा समितीपुढे साक्षीपुरावे झाले नाहीत. २१ ऑगस्टला नवे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली आणि कौटुंबिक शैक्षणिक हक्क व खासगीपणा यांचा कायदा जन्मला.

त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते. ज्याची नोंद त्याला ती पाहता आली पाहिजे. आणि त्याच्या लेखी संमतीवाचून ती इतरांना दाखविता कामा नये, काही ठरावीक अपवाद सोडून. मूल लहान असेतो हा हक्क आईबापांचा. ते अठरा वर्षांचे झाले किंवा कॉलेजात गेले की त्याचा स्वतःचा. मागणी केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत दप्तर दाखवायचे. नोंद चुकीची वा दिशाभूल करणारी असेल तर ती दुरुस्त करण्याची मागणी करता येते.

कॉलेजांत गडबड उडाली. प्राध्यापकांनी गुप्त राहतील या भरवशावर लिहिलेल्या शिफारसपत्रांचे काय? डिसेंबरअखेर कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी १९७५ पूर्वीची पत्रे झाकलेलीच राहिली. गुण कमी का दिले, हे भांडण या कायद्याने उकरता येत नाही, हेही स्पष्ट झाले. चुकते ती नोंद, मत नव्हे.

कायद्याला मर्यादाही आहेत. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे अशी दोन प्रकरणे आली. ओक्लाहोमातील ओवासो गावच्या शाळांत मुले एकमेकांचे पेपर तपासून गुण मोठ्याने सांगत. आपल्याकडे वह्या बदलून तपासतात, तसेच. न्यायालय म्हणाले, यात कायदा मोडत नाही. दुसरे प्रकरण अधिक जड. शिक्षक होऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याविषयी कानावर आलेला बोलवा गोन्झागा विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने परस्पर सरकारी खात्याला कळविला. न्यायालयाने ठरविले की, हा कायदा मोडला म्हणून एकट्या विद्यार्थ्याला दावा लावता येत नाही. सरकार फार तर संस्थेचे अनुदान रोखील. म्हणजे कुंपणाने शेत खाल्ले, तर शेतकऱ्याने तलाठ्याकडे अर्ज तेवढा करावा!

तरी आपल्याकडे पाहिले की तो कायदाही मोठा वाटतो. आपल्या कपाटाची कडी बरीच वर्षे उलट्या बाजूला होती. निकालाच्या दिवशी नावानिशी 'नापास' फळ्यावर झळके. साऱ्या गल्लीने ते वाचावे. आणि ज्या उत्तरपत्रिकेवरून तो शेरा बसला, ती मात्र खुद्द विद्यार्थ्याला बंद! महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाविरुद्ध काही विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले व जिंकले; पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. लक्षावधी पेपर असे दाखवीत बसले तर निकालाला शेवट कोठला, असा त्यातला एक युक्तिवाद होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच खरे ठरले. ती मूठ उघडली माहितीच्या अधिकाराने. २००५ च्या त्या कायद्याच्या आधारे ९ ऑगस्ट २०११ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की, परीक्षार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल व तिची प्रतही मिळेल. परीक्षकाचे नाव मात्र झाकलेले राहील. आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

कायद्याने कडी योग्य बाजूला आणली, तरी नोंद लिहिणारा हात आमचाच. आता मी शेरा लिहितो तो मूल शेजारी उभे राहून वाचते आहे, असे धरून लिहितो. पुष्कळ शेरे त्यामुळे लिहायचेच राहतात, आणि जे उतरतात ते खरे असतात. ती जुनी वही अजून कपाटात आहे. तो मुलगा पुन्हा आला, तर मी हात बाजूला घेईन.