तळटीप १२ : झरीची सभा
झरी, २३ मे १९४५. तलासरीजवळच्या या गावी किसान सभेच्या बोलावण्यावरून सुमारे ५,००० वारली जमले. जमीनदाराकडे वेठ करायची नाही, हा तिथला निर्णय मग डहाणूपर्यंत पाड्यापाड्यांत पोचला. अशा पसरण्याचे एक गणित मार्क ग्रानोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडले : ‘किती जण पुढे झाले की मी होईन’ हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. शंभर जणांचे आकडे ०, १, २ असे ९९ पर्यंत असतील, तर शंभरही उठतात. मात्र १ ऐवजी तिथे आणखी एक २ असला, तर पहिला एकटाच उभा राहतो. सभेत माणसाला बाकीचे पुढे होताना डोळ्यांनी दिसतात. पाड्यावर बहुधा जमीनदाराचा माणूसच दिसे, आणि त्याची दहशत या सुटसुटीत गणितात कुठेच नाही. – संपा.