उपवासाचे ताट: नियम जुना, जिन्नस नवे

महाराष्ट्रात आषाढी एकादशीला, महाशिवरात्रीला किंवा नवरात्रात घरोघरी जे फराळाचे ताट वाढले जाते, त्यात साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू यांपैकी काही पदार्थ हमखास असतात. एरवीच्या स्वयंपाकात ज्या घरांनी बरेच बदल स्वीकारले, त्या घरांतही या ताटाचे नियम काटेकोरपणे पाळले जातात, आणि म्हणून मराठी आहारातील सर्वांत जुना, सर्वांत अस्पर्शित भाग तो हाच, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिऱ्याचा दाणा, हिरवी मिरची आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीपूर्वी ते येथील स्वयंपाकघरात नव्हते. नियम प्राचीन आणि जिन्नस मात्र अर्वाचीन, अशी ही रचना कशी घडली, हा मराठी खाद्यसंस्कृतीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

धर्मशास्त्रीय ग्रंथांत व्रताच्या दिवसाच्या आहाराचा विचार तपशीलवार केलेला आढळतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथातील व्रतखंड हा या विषयाचा मोठा संग्रह असून, विसाव्या शतकात पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात अशा व्रतांची विस्तृत सूची दिली आहे. या परंपरेत आहारनियमाच्या पायऱ्या होत्या: दिवसातून एकदाच जेवणे म्हणजे एकभुक्त, दिवसभर न खाता रात्री जेवणे म्हणजे नक्त, न मागता मिळेल तेवढेच खाणे म्हणजे अयाचित, आणि काहीही न खाणे म्हणजे पूर्ण उपवास. श्रावणी सोमवारी संध्याकाळी वरणभात जेवून ‘सोमवार सोडण्याची’ रीत ही यांपैकी नक्ताचीच चालत आलेली पद्धत होय. ज्यांना पूर्ण निराहार झेपत नाही, त्यांच्यासाठी शास्त्रकारांनी सवलतही ठेवली होती. पाणी, मुळे व कंद, फळे, दूध, हविष्य म्हणजे यज्ञात अर्पण करण्याजोगे सात्त्विक अन्न, आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे सांगणारे वचन अनेक ग्रंथांत उद्धृत झाले आहे. एकादशीच्या दिवशी मात्र धान्यान्न वर्ज्य, कारण त्या दिवशी पाप अन्नाच्या आश्रयाला राहते अशी पौराणिक समजूत होती. त्यामुळे एकादशीच्या ताटाला मुख्य आधार उरला तो कंदांचा, फळांचा आणि दुधाचा.

याच्या जोडीला आणखी एक तत्त्व होते. जे नांगरटीशिवाय आपोआप पिकते, त्याला संस्कृतात अकृष्टपच्य म्हणतात, आणि रानात उगवणारा नीवार म्हणजे देवभात, तसेच श्यामाक म्हणजे सावा, ही मुनींची अन्ने मानली जात. शेतात बैल राबवून पिकवलेले धान्य संसारी माणसाचे आणि रानात मिळालेले अन्न तपस्व्याचे, अशी ही विभागणी होती. व्रत करणारा एका दिवसापुरता तपस्व्याचा आहार घेत असे. महाराष्ट्रात या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट रूप भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, आजही दिसते. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, या नियमाने त्या दिवशी परसात किंवा बांधावर हाताने लावलेल्या अळू, माठ, सुरण, भेंडी, पडवळ अशा भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी केली जाते. वरईला उपवासाच्या ताटात मिळालेले स्थानही याच विचारातून आलेले दिसते, कारण ती श्यामाकाच्या जातकुळीतील, डोंगरउतारावरचे तृणधान्य आहे.

सोळाव्या शतकापूर्वीच्या फराळाची कल्पना या नियमांवरून आणि त्या काळच्या पिकांवरून करता येते. सुरण, करांदे आणि कणगर यांसारखे कंद, तळ्यातला शिंगाडा, केळी, नारळ, कवठ, दूध, दही, तूप, वरई आणि सैंधव म्हणजे शेंदेलोण एवढी सामग्री त्या काळच्या घरात उपलब्ध होती. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरले जाई. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या भोजनातील अनेक पक्वान्नांचे वर्णन आहे, पण त्या काळच्या स्वयंपाकात मिरची नाही आणि बटाटाही नाही. व्रतस्थाचे ताट राजाच्या ताटाहून साधे असले, तरी दोन्ही ताटे त्याच भूमीतील जिनसांनी भरली जात होती.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि १५३४ साली वसईही त्यांच्या ताब्यात आली. ब्राझील, आफ्रिका आणि पश्चिम किनारा यांना जोडणाऱ्या त्यांच्या सागरी मार्गाने मिरची, रताळे, कसावा, पेरू, अननस, काजू अशा अनेक वनस्पती भारतात आल्या. त्यांचा प्रसार मात्र सारख्या गतीने झाला नाही. मिरची कोणत्याही परसात उगवत असल्याने आणि मिरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडत असल्याने ती झपाट्याने पसरली. बटाट्याला थंड हवा आणि ताजे बियाणे लागत असल्याने त्याचा विस्तार लांबला. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला थंड हवेचे ठिकाण वसवले गेल्यावर तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाट्याची आणि इतर भाज्यांची लागवड केल्याची नोंद आहे, आणि पुढे पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नरसारख्या तालुक्यांत हे पीक स्थिरावले. भुईमूग दख्खनच्या हलक्या जमिनीत एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर पसरला. राजगिऱ्याच्या दाण्याची कथा याहून विलक्षण आहे. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक या दाण्याच्या पिठापासून देवतेच्या मूर्ती घडवून त्या प्रसाद म्हणून खात, आणि म्हणूनच स्पॅनिश सत्तेने त्या विधींवर बंदी आणून या धान्याला मागे रेटले. आपल्या मूळ भूमीत देवकार्यातून हद्दपार झालेला हा दाणा हजारो कोस दूर भारतात पुन्हा व्रताचे अन्न ठरला.

हे नवे जिन्नस सर्वांत कडक नियमांच्या ताटात कसे आले, याचे उत्तर त्या नियमांच्या घडणीतच आहे. शास्त्राने वर्ज्य ठरवलेली धान्ये व डाळी ओळखीच्या होत्या आणि त्यांची नावे ठरलेली होती. तांदूळ, गहू, ज्वारी, तूर, उडीद यांना एकादशीला जागा नव्हती. नव्याने आलेल्या जिनसांची नावे या निषेधाच्या यादीत असणे शक्य नव्हते. उलट बटाटा, रताळे आणि कसावा हे सरळसरळ कंद असल्याने, व्रत न मोडणाऱ्या पदार्थांत ज्या कंदमुळांचा उल्लेख होता त्यांतच ते बसले. राजगिरा गवताच्या कुळातला नसून पालेभाजीचे बी आहे, म्हणून तो धान्य ठरला नाही. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तुरीचा आणि मुगाचा भाऊबंद असला, तरी त्याची डाळ शिजवली जात नव्हती. तो भाजून किंवा कुटून खाल्ला जाई, म्हणून स्वयंपाकघराने त्याला कडधान्यांच्या पंगतीत बसवले नाही. या निर्णयांसाठी कोणतीही धर्मसभा भरल्याचे दिसत नाही. ‘उपासाला चालते’ आणि ‘उपासाला चालत नाही’ या दोन शब्दप्रयोगांत मावणारा हा सगळा निवाडा घरातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि तो करताना शास्त्रातील वर्गवारीचा आशय त्यांनी अचूक ओळखला होता.

या निवाड्यामागे व्यवहाराचीही निकड होती. निवृत्त तपस्व्याला दूध आणि फळ पुरत असले, तरी एकादशी करणारा वारकरी शेतकरी, पहाटेपासून राबणारी गृहिणी आणि पुढच्या काळात पाळीवर जाणारा गिरणी कामगार यांना उपवासाच्या दिवशीही कष्ट चुकत नव्हते. धान्य आणि डाळ वजा केल्यावर पोटाला आधार देणारे पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ कोठून तरी मिळणे आवश्यक होते; बटाटा, रताळे आणि साबुदाणा यांनी पिष्टाची आणि दाण्याच्या कुटाने स्निग्धतेची उणीव भरून काढली. खिचडीत साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा, मिरची आणि तूप यांचा जो मेळ साधला गेला, तो या गरजेचे नेमके उत्तर होता.

साबुदाण्याचा इतिहास तर चार पिढ्यांच्या आतच मूळ पदार्थ बदलल्याचा आहे. मलाया आणि इंडोनेशियाच्या दलदलीत वाढणाऱ्या सागो ताडाच्या खोडातील गर काढून त्याचे मोती बनवण्याची कला त्या प्रदेशातली होती, आणि एकोणिसाव्या शतकात सिंगापूर हे या मोत्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले. भारतात साबुदाणा प्रथम आला तो असा समुद्रापलीकडून. दरम्यान ब्राझीलचा कसावा केरळात रुजला होता. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी दुष्काळातील आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. १९४२ साली जपानने सिंगापूर आणि जावा जिंकल्यावर तेथून येणारा माल थांबला, आणि त्या टंचाईत तमिळनाडूतील सेलम परिसरात कसाव्यापासून साबुदाणा बनवण्याचा उद्योग उभा राहिला. कंद सोलून, किसून त्याचे दूध हौदात निवळू देणे, तळाशी बसलेले ओले सत्त्व झोळीत हलवून त्याच्या गोळ्या वळणे, त्या तापलेल्या तव्यावर भाजणे आणि शेवटी उन्हात वाळवणे अशी ही प्रक्रिया आहे. १९८१ साली तेथील उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली, आणि २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तमिळ घरांत ‘जव्वरिसी’ या नावाने तो पायसात किंवा वडामात वापरला जातो आणि उपवासाशी त्याचा विशेष संबंध नसतो. त्याचे मोठे गिऱ्हाईक महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात हे प्रांत आहेत. ताडाचा गर जाऊन कसाव्याचे सत्त्व आले, तरी ताटातील साबुदाण्याच्या मान्यतेला धक्का बसला नाही, कारण दोन्ही पदार्थ धान्य नव्हते आणि दोघांचे रूपही सारखेच होते.

वरईच्या बाबतीत उलट घडले आहे. सह्याद्रीच्या उतारांवर, नाशिकच्या पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांत आणि पालघर व रायगडच्या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी आणि ठाकर या समाजांनी नागलीबरोबर वरई पिकवली आणि ती त्यांच्या रोजच्या जेवणातली राहिली. तोच दाणा सडून नाशिकच्या भगर गिरण्यांतून बाजारात येतो, तेव्हा शहरातल्या घरात तो ‘भगर’ किंवा ‘वऱ्याचे तांदूळ’ होऊन केवळ उपवासाच्या डब्यात जातो. या ताटातील जी मोजकी सामग्री खरोखर प्राचीन आहे, तिच्यामागे डोंगरातल्या शेतकऱ्याचे श्रम आहेत, आणि परंपरेचा गौरव करताना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

शिवाय हे ताट संपूर्ण महाराष्ट्रात एकसारखे नाही. कोकणात करांद्यांना आणि कणगरांना मान असतो, महाशिवरात्रीला अनेक ठिकाणी कवठाची चटणी होते, आणि हरितालिकेला कित्येक स्त्रिया शिजवलेल्या अन्नालाही स्पर्श न करता फळांवर राहतात. कोथिंबीर, जिरे, हळद, भेंडी, टोमॅटो यांच्याबद्दल तर एकाच गल्लीतील दोन घरांत दोन मते असतात. एका घरी जिऱ्याची फोडणी चालते, शेजारी ती चालत नाही, आणि दोन्ही घरे आपली रीत सासरच्या किंवा माहेरच्या जुन्या वळणावर आधारलेली असल्याचे सांगतात. नवे जिन्नस एका आदेशाने आले नाहीत, घराघरांत स्वतंत्र विचार होऊन आले, याचा हा मतभेद जिवंत पुरावा आहे.

विसाव्या शतकात या पदार्थांचा व्रताशी असलेला संबंध सैल होत गेला. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत साबुदाणा वडा आणि खिचडी रोज मिळू लागली, बटाट्याचा चिवडा आणि राजगिऱ्याची चिक्की दुकानांत आली, आणि उपवास नसतानाही मुद्दाम हौसेने हे पदार्थ करण्याची पद्धत रूढ झाली. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीतील टीका जुनी आहे आणि संयमाच्या दृष्टीने ती योग्यही आहे. पण त्या टीकेमुळे या ताटामागची बुद्धिमत्ता झाकली जाऊ नये. वर्ज्यावर्ज्याची मर्यादा न ओलांडता, दूरदेशीच्या कंदांना आणि बियांना आपलेसे करून, कष्टकरी माणसाला पेलवेल आणि जिभेलाही रुचेल असे व्रतान्न मराठी स्त्रियांनी घडवले, हे त्यांचे मोठे सांस्कृतिक कर्तृत्व आहे.

हे कर्तृत्व कोणत्याही ग्रंथात पूर्णपणे नोंदलेले नाही. हेमाद्रीच्या व्रतखंडात बटाटा असणे शक्य नव्हते, आणि ज्यांनी बटाट्याचा निर्णय केला त्यांनी तो लिहून ठेवला नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आपल्या कुळाची ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ ही यादी, तिच्यातील अपवाद आणि त्यांमागची कारणे तोंडपाठ असतात; एकत्र कुटुंबे विरळ होत असताना ही माहिती वेगाने लोप पावत आहे. प्रत्येक घराने ती आपल्या आजीकडून, आईकडून आणि सासूकडून वेळीच विचारून, गावाच्या आणि सणाच्या उल्लेखासह लिहून ठेवावी, कारण मराठी आहाराच्या इतिहासाचे यापेक्षा विश्वसनीय साधन दुसरे नाही.