एक तृतीयांश मताची गोष्ट

बहुमत म्हणजे अर्ध्याहून अधिक, असे आपण सहज म्हणून जातो. पण कोणाच्या अर्ध्याहून अधिक? संसदेत याची उत्तरे वेगवेगळी आहेत.

साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक मते पुरतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले, ते याच हिशेबाने. लोकसभेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करायचे असेल, तर मात्र त्या वेळच्या सर्व सदस्यांचे बहुमत लागते. तिथे घरी बसलेला सदस्यही जणू विरोधातच मोजला जातो. घटनादुरुस्तीला दोन चाळण्या आहेत. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते हवीत आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबाही हवा. तोही दोन्ही सभागृहांत.

या दुसऱ्या चाळणीची धार १९७० साली दिसली. संस्थाने विलीन झाली, तेव्हा संस्थानिकांना तनख्यांचे वचन दिले गेले आणि ते घटनेत लिहिले गेले. पुढे लोकमत फिरले. गृहमंत्री असताना यशवंतराव चव्हाणांनी संस्थानिकांशी बोलणी केली, पण तोडगा निघाला नाही. तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत १४९ मते बाजूने पडली, ७५ विरोधात. जवळजवळ दुप्पट! तरी विधेयक पडले. २२४ चे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. बाजूचा एक सदस्य वाढला असता किंवा विरोधातला एक कमी झाला असता, तर निकाल फिरला असता.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला लोकसभेच्या ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले.

तनखे जायलाच हवे होते, असे मलाही वाटते. पण ते आडवाटेने गेले नाहीत, हे बरे झाले. जी चाळणी राजेमहाराजांच्या तनख्याला वर्षभर आधार देते, तीच उद्या एखाद्या दुबळ्याच्या हक्कालाही आधार देईल. नावडत्या माणसालाही नियम लागू झाला, तरच तो नियम आपल्या अडचणीच्या वेळी उभा राहतो.